गलाईवाल्याचं घर

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागात पाऊस कायमचा बेभरवशाचा. शेतीवर पोट भरेना म्हणून तिथली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात शिरली आणि देशभर जिथं जिथं सोन्या-चांदीची पेठ आहे तिथं तिथं जाऊन भट्ट्या पेटवून बसली. लखनौच्या चौक सराफ्यातही अशी गलाईवाल्यांची घरं आहेत. अशाच एका घराची ही गोष्ट.

आबा लखनौला आले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. 1972 चा दुष्काळ नुकताच सरला होता. घरात खाणारी तोंडं फार होती आणि चुलत्याला दुकानात हाताखाली पोरगा हवा होता. गोल दरवाजातून आत शिरून दोन वळणं घेतली की चुलत्याचं दुकान लागायचं. शेजारी चांदीचा वरख कुटणाऱ्यांच्या हातोड्यांचा ठेका दिवसभर चालायचा. त्या ठेक्यावर आबांनी भट्टी सांभाळली, धंदा शिकले, पुढं स्वतःचं दुकान टाकलं.

सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा विकला जातो. कानशीनं घासताना उडालेला सोन्याचा कीस त्यात असतो. गलाईवाला तो केर विकत घेतो, जाळतो, राख धुतो आणि उरलेलं मुशीत घालून वितळवतो. मग मिसळीच्या सोन्यात चांदी घालून ते शोऱ्याच्या तेजाबात उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळून पाण्यात जातं आणि तळाशी मातकट, तपकिरी भुकटी उरते. नवख्याला ती धुऊन टाकावीशी वाटते. तीच भुकटी टाकणखार घालून पुन्हा मुशीत तापवली की पिवळंधमक सोनं समोर येतं. वरच्या पाण्याचं कामही तिथं संपत नाही. त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या आणि वाट बघायची. विरघळलेली चांदी करडा गाळ होऊन हळूहळू खाली बसते आणि पाणी निळं होत जातं.

गावाकडून आलेल्या प्रत्येक पोराला आबांची पहिली ताकीद हीच असायची, "पाणी फेकाय घाई करू नगा. डोळ्याला दिसत न्हाई, पर त्यात चांदी हाय."

जन्मभर केरातून सोनं काढलेल्या माणसाला कुठलीच वस्तू टाकाऊ वाटेना, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. आबांची बायको, म्हणजे घरातल्या आजी, होत्या तोवर या सवयीला लगामही होता. आबांनी एखादं डबडं आणलं की त्या म्हणायच्या, "आणलंसा ते बरं केलंसा. आता ह्येच्या बदली काय जाणार, तेवढं सांगा." आबा कुरकुरत का होईना, काहीतरी काढून द्यायचे.

2021 च्या उन्हाळ्यात कोरोनानं आजींना नेलं. त्यानंतर घरात वस्तू नुसत्याच येऊ लागल्या. पराग दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, गड्ड्या बांधून ठेवलेल्या. जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, मिठाईचे रिकामे खोके, चिकनकारीच्या कापडाची कातरणं, गंजलेले खिळे, फुटक्या मुशी, तेजाबाच्या रिकाम्या बाटल्या, दुकानातल्या राखेनं भरलेले तेलाचे डबे. आधी माळा भरला, मग आजींची खोली, मग जिना. जिन्यावर एका वेळी एकच पाऊल टेकेल एवढी वाट राहिली. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर रद्दीची चळत आली. सूनबाईनं हळदीकुंकवाला बायका बोलावणं बंद केलं. सातवीतली नात मैत्रिणींना घराचा पत्ता सांगेनाशी झाली.

मुलगा वैतागायचा. "आबा, ह्या घरात माणसांनी राहायचं का डबड्यांनी?"

आबांचा आवाज चढायचा. "ह्याच केरातनं सोनं काढून तुला वाढीवलाय. टाकाय येळ लागत न्हाई लेका, मिळवाय जल्म जातो."

मग दोघंही न जेवता झोपायचे.

एके वर्षी आबा दसऱ्याला गावी गेले. विट्याच्या पालख्यांची शर्यत बघायची, देवाला जायचं, भावकीत चार दिवस काढायचे आणि दिवाळीच्या आधी परतायचं, असा त्यांचा बेत होता. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये त्यांना बसवून मुलगा घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं कबाडी बोलावला. हातगाड्या भरभरून माल गेला. सूनबाई एकदा म्हणाली, "त्यांना विचारून केलं असतं तर?" मुलगा म्हणाला, "विचारलं तर एक खिळा हलणार नाही." राखेचे डबेही त्यानं पत्र्याच्या भावानं देऊन टाकले. दुकान तोच चालवत होता आणि त्या राखेत चांदी आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी त्याला फक्त मोकळी फरशी दिसत होती. भिंतींना रंग दिला, जिना धुतला, दाराला तोरण लावलं. आबा बघतील, दोन दिवस चिडतील आणि मग त्यांनाही बरंच वाटेल, अशी त्याची खात्री होती.

आबा आले. पिशवी खाली ठेवून खोल्याखोल्यांतून फिरले. आजींच्या खोलीत भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. ओरडले नाहीत, कुणाला काही विचारलंही नाही. त्या रात्री जेवले नाहीत आणि त्या दिवाळीला त्यांनी अभ्यंगस्नानही केलं नाही. मुलाशी बोलणं तुटलं ते तुटलंच.

पुढच्या रविवारी आबा नक्खासच्या बाजारात गेले. जुन्यापान्या वस्तूंचा तिथला बाजार साऱ्या लखनौला ठाऊक आहे. आपलं काही सापडतंय का ते शोधायला गेले होते. सापडलं काहीच नाही, तेव्हा लोकांनी टाकलेलं विकत घेऊन आले. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. होळीपर्यंत आजींची खोली पुन्हा भरली आणि या वेळी तिला कुलूप लागलं. किल्ली त्यांनी करदोट्याला बांधली. आंघोळीलाही ती कमरेवरून निघत नसे.

सूनबाईला धास्ती होती ती वेगळीच. बंद खोलीत जुन्या वायरी होत्या, कागद होते आणि तळाशी थोडं थोडं तेजाब राहिलेल्या बाटल्याही असतील. एका रात्री झोप लागेना तेव्हा तिनं टेली-मानसचा 14416 हा क्रमांक फिरवला. सरकारची ही मोफत सेवा 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि ती दिवसरात्र चालू असते. पलीकडच्या माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ते येत नसतील तर आधी तुम्ही डॉक्टरांना भेटा. घरच्यांनी कसं वागायचं हेसुद्धा उपचारातच येतं."

किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटी चौक भागाला लागूनच आहे. तिथल्या मानसोपचार विभागात सूनबाई नवऱ्याला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि आधी एक गोष्ट स्पष्ट केली. हा कंजूषपणा नाही, हट्ट नाही आणि म्हातारचळही नाही. वस्तू सोडता न येणं हा आजार आहे. पूर्वी त्याला मंत्रचळाचाच एक प्रकार समजत. 2013 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याला स्वतंत्र आजार मानलं. जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादी 2022 पासून लागू झाली, तिच्यातही तो स्वतंत्र आहे. त्याची सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा तरुणपणी होते आणि उतारवयात तो बळावतो. जोडीदार गेला, एकटेपण आलं की आणखी वाढतो. अशा माणसाला वस्तूची किंमत कळत नाही असं नव्हे. ती सोडायची वेळ आली की त्याचा जीव तुटतो, निर्णय होत नाही, म्हणून तो निर्णय पुढं ढकलत राहतो.

"घर एकदा रिकामं करून बघितलं असेल ना?" बाईंनी विचारलं.

मुलानं मान हलवली.

"पुन्हा भरलं?"

"आधीपेक्षा जास्त."

"बहुतेक घरांत असंच होतं. सामान जातं आणि त्याच्याबरोबर घरच्यांवरचा विश्वासही जातो. सामान परत येतं. विश्वास यायला फार वेळ लागतो."

मुलगा बाहेर आला आणि बाकावर बसला. थोड्या वेळानं बायकोला म्हणाला, "आबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, पाणी फेकायची घाई करू नको म्हणून. मी पाणीच फेकलं गं."

आबांना दवाखान्यात आणणं सोपं नव्हतं. "मी काय येडा हाय?" असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. सूनबाईनं खोटं सांगितलं नाही. देवळात जाऊ म्हणाली नाही की बीपी तपासायचं निमित्त काढलं नाही. ती म्हणाली, "आबा, त्या खोलीत आग लागेल या भीतीनं मला रात्रीची झोप येत नाही. आजारी मी आहे असंच धरा. माझ्यासाठी चला." आबा बराच वेळ गप्प राहिले. मग चपला शोधू लागले.

डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत पसाऱ्याचा विषयच काढला नाही. विस्मरणाचा आजार तर नाही ना, मन खचलंय का, हे बघितलं. मन खचलेलं होतं. त्यावर औषध सुरू झालं. पुढच्या एका भेटीत त्यांनी विचारलं, "गावाहून आलात त्या दिवशी काय वाटलं?"

आबा आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुरू झाले आणि हळूहळू मराठीवर आले. सूनबाई शेजारी बसून डॉक्टरबाईंना अर्थ सांगत गेली.

"बहात्तर साली आई-बा खडी फोडाय जायचे. आमाला मिलो आन्‌ सुकडी मिळायची. तेबी पुरंना, तवा आईनं एकेक भांडं विट्याच्या बाजारात नेलं. आधी घंगाळ, मग परात, मग कळशी. शेवटाला तांब्याचा हंडा नेला. फडताळात कायच उरलं न्हाई. आमी घरात हाक मारली की घर घुमायचं. गेलेलं एकबी भांडं परत आलं न्हाई." आबा थांबले. "दसऱ्यास्नं आलो, दार उघडलं, आन्‌ घर घुमलं."

सूनबाईला पुढचं सांगता आलं नाही. डॉक्टरबाईंनी नंतर तिला समजावलं की दुष्काळ हे एकटंच कारण नव्हे. दुष्काळ बघितलेली लाखो माणसं अशी साठवत नाहीत. पण या माणसाची भीती त्या घुमणाऱ्या घराशी बांधलेली आहे आणि ती कळल्याशिवाय त्याच्या कुलपाला हात लावण्यात अर्थ नाही.

मग घरात काही गोष्टी ठरल्या. आबांच्या मागं कुणी कशालाच हात लावायचा नाही. 'हे कशाला ठेवलंय' असं विचारायचं नाही, कारण त्यांच्याकडं प्रत्येक वस्तूला उत्तर तयार असतं आणि वादात वस्तू आणखी घट्ट होते. आधी फक्त धोक्याचं बघायचं, म्हणजे जिना, शेगडी, वायरी आणि तेजाबाच्या बाटल्या. रोज थोडाच वेळ बसायचं आणि प्रत्येक वस्तूचा निकाल आबांनीच द्यायचा. त्यांनी ठेवा म्हटलं तर ठेवायची.

सुरुवात मुलानं केली. एका संध्याकाळी आबांसमोर येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, तुमच्या माघारी मी हात लावायला नको होता. पुन्हा लावणार नाही." आबांनी त्याच्याकडं बघितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याला विचारलं, "दुकानात शोरा हाय का संपला?" तुटलेलं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

तेजाबाच्या बाटल्या पहिल्यांदा गेल्या. त्यांचा धोका आबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. स्वतःच्या हातानं त्यांनी त्या एकेक करून बाहेर काढल्या. जिना मोकळा व्हायला मात्र अख्खा पावसाळा गेला. काही दिवस एक मिठाईचा खोकाही हलायचा नाही. काही दिवस दिलेली वस्तू ते रात्री परत घेऊन यायचे. डॉक्टरबाई म्हणायच्या, "येऊ द्या. त्यांना परत आणता येतंय, हे त्यांना कळू द्या."

आबा पुन्हा सकाळी दुकानात जाऊ लागले होते. रविवारी नातही बरोबर जायची. एकदा काचेच्या बरणीत तांब्याच्या पट्ट्या सोडलेल्या होत्या. तळाशी करडा गाळ जमला होता आणि वर गडद निळं पाणी होतं. नात बरणीला नाक लावून बघत होती. आबांनी तिला दोन हात मागं ओढलं.

"आबा, चांदी ही खालची ना?"

"व्हय."

"मग निळ्या पाण्याचं काय करता?"

"त्येचं काय करायचं? चांदी बसली, त्येचं काम झालं. त्ये जाणार."

"ठेवत नाही?"

"ठिवून काय करायचं, पोरी? इखार हाय त्यो."

नात पुढं काही बोलली नाही. तिनं सहज विचारलं होतं. आबा मात्र दुपारभर बरणीसमोर बसून होते.

त्या रात्री त्यांनी करदोट्याची किल्ली सोडली, खोली उघडली आणि नातीला हाक मारली. फुटक्या मुशींचा एक डबा ओढून पुढ्यात घेतला. पहिली मूस उचलून दिव्याखाली धरली. आत बोट फिरवलं. काचेसारखा एक थर चिकटलेला होता. तो नखानं खरवडून तळहातावर घेतला, चिमटीत चुरगळला, उजेडात पुन्हा पाहिला. "नुसता टाकणखार हाय," ते म्हणाले आणि मूस डाव्या बाजूला ठेवली. दुसरी मूस घेतली. तिसऱ्या मुशीच्या काठाला ज्वारीच्या कणीएवढा ठिपका चमकला. तो त्यांनी चिमट्यानं काढून नातीच्या हातावर ठेवला. डबा संपेपर्यंत डावीकडं ढीग झाला आणि नातीच्या तळहातावर दोन-तीन कण्या आल्या.

"आता हा ढीग?" नातीनं विचारलं.

आबांनी ढिगाकडं बघितलं. "टंच निघालं. त्यात काय न्हाई. जाऊ दे."

कुणी न सांगता आबा आपणहून 'जाऊ दे' म्हणाले, ते त्या रात्री पहिल्यांदा. पुढं घरात हाच रिवाज पडला. वस्तू आणायची, आबांनी तिचं टंच काढायचं, म्हणजे तिच्यात काय उरलंय ते पारखायचं. कातरणांतली बरी कातरणं गल्लीतल्या चिकनकारी करणाऱ्या बायकांकडं गेली. खिळे सुताराला दिले. आजींची एक फाटकी चोळी आबांनी हातात घेतली, घडी घातली आणि पेटीत परत ठेवली. तेव्हा सगळे गप्प राहिले. तिचं टंच दुसऱ्या कुणी काढायचं नव्हतंच.

पुढच्या दिवाळीला आजींच्या खोलीची गल्लीकडची खिडकी उघडली. खोली अजून निम्मी भरलेली आहे. आबा अधूनमधून नक्खासातून काहीतरी घेऊन येतात. सूनबाई आता आजींचाच प्रश्न विचारते, "आणलंत ते बरं केलंत. ह्याच्या बदली काय जाणार, तेवढं सांगा." कधी ते काढून देतात, कधी देत नाहीत. डॉक्टरांकडं जाणं चालू आहे. कुलूप निघालं आहे आणि किल्ली देवघरात ठेवलेली असते. नातीच्या मैत्रिणी घरी येतात. आबा त्यांना मूस दाखवून सोनं कसं निघतं ते सांगतात.

तात्पर्य असं की, ज्याच्या हातून वस्तू सुटत नाही त्याच्या हातून ती ओढून घेऊ नये. ओढून घेतलेल्या वस्तूची जागा दुसरी वस्तू घेते. विश्वासाची जागा मात्र दुसरं काही घेत नाही. आपल्या आई-वडिलांपैकी कुणाच्या घरात वाट राहिली नसेल, तर आधी आगीचा आणि पडण्याचा धोका दूर करावा, डॉक्टरांची मदत घ्यावी, त्यांना कशाची भीती वाटते ते ऐकून घ्यावं आणि मग त्यांच्याच हातानं, त्यांच्याच गतीनं एकेक डबा उघडावा. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं हे पारखण्याची ताकद त्या माणसात असते. भीतीनं ती झाकलेली असते एवढंच. घाई न करता जवळ बसणारं माणूस मिळालं की ती पुन्हा कामाला लागते, आणि तसं जवळ बसणं हे त्याच्या घरच्यांचं काम आहे.